दुष्काळातले बेडूक

त्या दुष्काळात माणसांना पाणी नव्हतं, तिथे बेडकांना कुठलं असणार? पण मला बेडूकच हवे होते. मी इंटर सायन्सला होते, डॉक्टर व्हायचं होतं, आणि सरांनी सांगून टाकलं, "परीक्षेला बेडूक देऊ. सरावाचे आपापले आणा." सगळं नगर पालथं घातलं. वडील प्राथमिक शिक्षक; त्यांनी शाळेच्या आडातसुद्धा वाकून पाहिलं. तळाशी पोरांच्या चपला होत्या.

वर्गात एका बागायतदाराची लेक होती. राहुरीकडे त्यांचा ऊस, दारात जीप, आणि न आटलेली विहीर. रविवारी एसटीने गेले. तिचे आबा विहिरीवरच भेटले.

"मास्तरांची लेक व्हय तुमी? बेडकं लई हायेत. पर आमच्या बाईसायबांना रगत दिसलं की घेरी येती. तिला शिकवा, न् न्या हवी तेवढी."

मग दर रविवारी इंजिनाच्या खोलीत मी बेडूक चिरायचे आणि मैत्रीण डोळ्यांवर पदर धरून बसायची.

"अगं, बघ तरी!"

"तूच बघ बाई. मला नंतर तोंडी सांग."

ही कसली डॉक्टर होणार, असं मला वाटायचं. माझं मात्र सगळं पक्कं! आरशासमोर डॉक्टरीणबाईंसारखी मान हलवायचे, शेजारच्या मांजराची नाडी बघायचे. बेडूक नीट चिरला की सीट आपली, एवढीच माझी अक्कल. बेडूकसुद्धा हसले असतील.

येताना डब्यात चार-पाच घेऊन यायचे. एकदा एसटीत झाकण निघालं. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्यांची हाफ तिकिटं काढा."

आई कडक सोवळ्याची. तरी तिनं मोरीत काठफुटका माठ ठेवला, वर चाळण झाकली. नळ कधी यायचा, कधी नाही. त्या दिवसांत तुळशीला तांदूळ धुतलेलं पाणी मिळायचं आणि बेडकांना पिण्याचं.

परीक्षेत बेडूक अगदी नीट चिरला. घरी माठात एक बेडूक उरला. आई म्हणाली, "राहू दे निकालापर्यंत. सोडायचा तरी कुठे?"

निकाल चांगला लागला. पण सरकारी मेडिकल कॉलेजची यादी माझ्या नावाच्या अलीकडेच संपली. मैत्रीण जेमतेम पास झाली होती. मी उठून राहुरीला गेले. आबा म्हणतील, चला, तुमचंही बघू. अशी वेडी आशा. अंगणात जीपमध्ये ट्रंक चढत होती.

"कर्नाटकात हाय एक कॉलेज," आबा म्हणाले. "पैसं भरलं की घेत्यात. तुमचं काय ठरलं?"

"आमच्याकडे भरायला खडू आहेत."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "च्या घ्या, ताई."

मैत्रीण रडतच बाहेर आली. "तूपण चल ना गं. तिकडं मला कोण चिरून देणार?"

घरी पोचले तेव्हा आई तांब्या घेऊन मोरीपाशी उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणाली, "ह्याला अजून पाणी घालू का गं?"

मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. चाळण बाजूला केली. तो टुकूटुकू बघत होता. त्याच्या पोटातली एकेक शीर मला पाठ होती.