रुमाव सर आणि दोन तिवर

प्रा. जुझे रुमाव सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या वसईच्या महाविद्यालयात, डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेच्या मुलाखतीत झाली. पुटकुळ्यांनी भरलेले आंब्याचे पान त्यांनी माझ्यापुढे धरले.

"हे काय?"

"रोग, सर."

"रोग म्हणून टाकून देऊ नका. आत कोणीतरी राहतंय."

चिलटाहूनही लहान अशी एक माशी पानावर अंडी घालते. पान तिथे फुगते आणि त्या गाठीत अळी वाढते. अशा माश्यांच्या कितीतरी जाती आहेत आणि बहुतेक जातींचे झाड ठरलेले असते. "पाहुण्याचं नाव मागाहून. आधी घर कोणाचं ते विचारा," असे सर म्हणत. म्हणून गाठींच्या प्रत्येक बाटलीबरोबर त्याच झाडाची पानांसकट फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवायची, हा त्यांचा नियम. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सर निघत. कधी चांदीप गावातल्या शेतांच्या बांधांवर, कधी खाडीवर. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा महिनाभर माझी प्रात्यक्षिके त्यांनीच घेतली आणि ऑफिसात कोणाला कळूही दिले नाही.

अशा माणसाशी मी खोटे बोललो. ते सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा पुष्कळ विचार केला. न लिहिता केलेला गौरव मला खरा वाटेना.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. एका रविवारी सरांना ताप होता, म्हणून खाडीवर मी एकटाच गेलो. खारफुटीतल्या एका झाडाच्या पानांवर वेगळ्याच गाठी दिसल्या. मिठागरावरच्या एका काकांना झाडाचे नाव विचारले.

"तिवर हाय तो. पानी चढतंय नि नावं काय इचारतोस? पल आता!"

मी गाठी तोडून बाटलीत भरल्या, 'तिवर' अशी चिठ्ठी लावली आणि पळालो. फांदी राहिली.

बाटलीतून निघालेली माशी सरांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्यांचा ताप कुठल्या कुठे गेला.

"फांदी?"

"राहिली, सर."

"बरं, पान कसं होतं? रुंद की टोकदार?"

आमच्या खाडीत तिवर दोन प्रकारचे, हे मला तेव्हा आठवले. मी म्हणालो, "रुंद." त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत नोंद आहे: 'पान आठवत नाही. तरी बोललो.'

त्या माशीवरचा सरांचा निबंध रुंद पानांच्या तिवराच्या नावाने छापला गेला. पुढची काही वर्षे ती गाठ पुन्हा मिळावी म्हणून ते रुंद पानांचा तिवर धुंडाळत चिखलात उतरत राहिले. मी सोबत असे, बोललो नाही. ती पहिली जागा तर लवकरच भरावाखाली गेली होती. शेवटी दुसऱ्या खाडीवर तीच गाठ आणि तीच माशी टोकदार पानांच्या तिवरावर सापडली. सरांनी स्वतःच्या नावाने दुरुस्ती छापली: 'झाडाची ओळख माझ्याकडून चुकली.'

स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, "काय सर, पाहुण्याचं घर चुकलं म्हणे!"

"वय झालं हो. पत्ता वाचता येत नाही," सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. खोट्यापेक्षा ते हसणे मला अधिक सलते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी सरांना वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "चिठ्ठीवर नुसतं 'तिवर' होतं. मी तुम्हाला विचारायलाच नको होतं, स्वतः जाऊन बघायला हवं होतं. दुरुस्तीत लिहिलंय ते बरोबरच आहे." त्यांनी मला क्षमा केली असे म्हणता येत नाही, कारण त्यांनी माझी चूकच मानली नाही. त्यामुळे ती माझ्याकडेच राहिली आहे.

आज सर साठ वर्षांचे झाले. गुडघे आता चिखल सोसत नाहीत, पण भिंगाखालची नजर तशीच तल्लख आहे. ती अशीच राहो, प्रकृती उत्तम राहो आणि त्यांच्या टेबलावर पुढची कित्येक वर्षे बाटल्या मांडलेल्या असोत. चिखलात मी उतरेन. फांदी पानांसकट आणीन.