जस्त वर, तांबं खाली

नूर महंमद शेडमध्ये येत तेव्हा आधी त्यांचं खाकरणं ऐकू येई, मग चपलांची करकर, आणि मग माणूस दिसे. राजाच्या भूमिकेत मुरलेल्या नटालाही अशी एंट्री साधत नाही. मेंदीने लाल केलेली दाढी, कानामागे सुताराची पेन्सिल आणि चालण्यात असा रुबाब, की धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती जुनी पत्र्याची शेड त्यांच्याच आजोबांनी बांधली असावी असं नवख्याला वाटे.

शेडमध्ये काम चाले ते दगडांचं. दूर उत्तरेकडच्या डोंगरात यंत्राने खोल बोअर मारत. त्यातून मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या निघत. जमिनीच्या पोटात खाली काय काय आहे, ते या कांड्यांवरून कळतं. ट्रकने त्या धुळ्याला येत, इथे त्या धुवायच्या, मधोमध कापायच्या आणि तपासायच्या. कांड्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने लाकडी खोक्यांत राहिल्या पाहिजेत, नाहीतर सगळं मुसळ केरात. ती खोकी करायची आणि कांड्या रचायच्या, हे नूरभाईंचं राज्य. खोक्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ते पितळी खिळा ठोकत. खिळा म्हणजे सुरुवात. तिथून वाचत जायचं, पुस्तकासारखं.

"खिळा बघा आणि डोळे मिटून वाचा," असं ते शिकल्यासवरल्या भूवैज्ञानिकांना छातीवर हात मारून सांगत. आणि ते वाचतही. नूरभाईंच्या खोक्यावर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

ही सुतारकी ते शिकले नाटकात. वडील पत्र्याच्या ट्रंका करायचे, पण पोराचा जीव लाकडात. यात्रेत नाटक कंपन्यांचे तंबू पडत आणि नूर त्यांचे सेट उभे करी. एका बाजूने राजवाडा, फळी फिरवली की तुरुंग. काय दिवस होते! पुढे गॅसबत्तीसारखे लखलखते चेहरे, आणि मागे अंधारात हा एक पोरगेला सुतार, तोंडात चार खिळे धरून. सेटवाल्याने नाटक कधी पुढून पाहिलेलं नसतं. त्याला दिसते ती नायिकेची वेणी आणि राजाच्या अंगरख्याची पाठीमागची टाचणी. एकदा ऐन शेवटच्या अंकात तुरुंगाची भिंत कलली. नूरने मागून पाठ लावली आणि अंक संपेपर्यंत ती धरून ठेवली. पुढे नायक कैदेत रडतो आहे आणि मागे त्याचा तुरुंग घाम पुसतो आहे! त्या खेळाला टाळ्या पडल्या त्यातल्या निम्म्या नूरच्या होत्या, फक्त प्रेक्षकांना ते ठाऊक नव्हतं.

मग टीव्ही आला, तंबू मिटले. नूरभाईंनी पलंग केले, कपाटं केली. पुढे एका खाणशोध कंपनीला खोकी करणारा माणूस हवा होता, आणि नूरभाई या शेडमध्ये आले ते इथलेच झाले.

दोन पावसाळ्यांपूर्वी शेडमध्ये रूपाली आली. मुक्ताईनगरकडच्या केळीवाल्या घरातली मुलगी, भूशास्त्र शिकून आलेली. हातात भिंग, बोलणं तडतड्या फटाक्यासारखं. पहिल्याच दिवशी नूरभाईंनी तिची परीक्षा घेतली.

"मॅडम, आपल्या खानदेशाचा काळा कातळ पण ज्वालामुखीचाच ना? मग यात तांबं का नाही? तिकडच्याच डोंगराचे लाड का?"

"मॅडम नको, रूपाली म्हणा. चाचा, आपला लाव्हा उघड्यावर पसरला. निवला आणि गप्प झाला. तिकडचा ज्वालामुखी समुद्राच्या तळाशी पेटला होता, आपल्या कातळाच्या कितीतरी आधी. समुद्राचं पाणी भेगांतून आत उतरलं, तापलं, आणि दगडातलं तांबं, जस्त, शिसं, थोडी चांदी असं सगळं विरघळवून घेऊन परत वर उसळलं. वर येता येता निवत गेलं, तसे धातू बसत गेले."

"सगळे एकदम?"

"तीच तर गंमत. तांबं कढत पाण्यातच विरघळलेलं राहतं. पाणी जरा निवलं की ते आधी बसतं, खाली, झऱ्याच्या तोंडापाशी. जस्त आणि शिसं अजून निवल्यावर, त्याच्या वर आणि कडेकडेला. म्हणून जस्त वर, तांबं खाली. जस्ताचा दगड काळा चमकतो, तांब्याचा पिवळा. तळ कुठला आणि माथा कुठला हे त्यावरून कळतं."

"म्हणजे लग्नाची पंगत," नूरभाई म्हणाले. "तांबं मानाचं पाहुणं, चुलीजवळ. बाकीच्यांनी जागा मिळेल तिथे बसावं."

रूपाली इतकी हसली की भिंग हातातून पडता पडता राहिलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

यंदाच्या हंगामात मात्र विघ्न आलं. बिजासन घाटात ट्रकने कचकन ब्रेक मारला आणि एका अख्ख्या बोअरची खोकी एकमेकांवर आदळून फुटली. कांड्यांमध्ये खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे असतात, त्यांच्यावर डिझेल सांडलं आणि आकडे पुसले गेले. धुळ्याला पोहोचला तो दगडांचा ढिगारा.

"मोडू द्या," नूरभाई म्हणाले. "मी जोडतो."

आणि जोडलं की! तुटलेल्या कडेला कड लावत, या कांडीची खोच त्या कांडीच्या खोबणीत बसवत, ते कितीतरी दिवस त्यात बुडून गेले. वरचा कुजका मुरूम त्यांनी आधीच ओळखून गोणीत बाजूला काढला होता. त्याला जुळेल ती पहिली कांडी, तिला जुळेल ती दुसरी. फुटक्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी भिंतीलगत, मागे माणूस मावेल एवढी जागा सोडून, एकच लांबलचक पन्हाळ केली आणि धातूचा सगळा भाग एका ओळीत मांडला. पाहणाऱ्याने नुसतं चालत जावं आणि वाचावं. स्वतःच्या कामावर ते असे खूश झाले की येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती पन्हाळ दाखवत.

रूपाली पन्हाळीच्या समोरून चालत गेली. मग परत चालत गेली. मग तिने दीपकसरांना फोन लावला. हे कंपनीतले तिचे वरिष्ठ.

"सर, थर पालथे आहेत! तांबं वर आहे आणि जस्त खाली. ज्वालामुखीच्या राखेच्या थरातसुद्धा तळाचे जाड कण वर आणि बारीक खाली. जमिनीने घडी घालताना अख्खा थर उलटलाय, तव्यावरच्या भाकरीसारखा. म्हणजे तांब्याचा मोठा साठा खाली नाही, वरच्या अंगाला, टेकडीच्या माथ्याकडे आहे!"

दीपकसर म्हणाले, "रूपाली, यंदाचा हा शेवटचा बोअर. तो कोरा गेला तर त्या डोंगरावरून आपला गाशा गुंडाळायचा. जागा तू सांगायची. तुझ्या नावावरचा पहिला बोअर."

"टेकडीवर, सर."

"ठरलं. उद्या सकाळी हेमराजला यंत्र वर चढवायला सांगतो."

हेमराज शिंदखेड्याचा, पक्का अहिराणी बोलणारा; यंत्र तोच चालवी. यंत्र एकदा टेकडीवर चढलं की पुन्हा खाली आणायला हंगाम उरणार नव्हता.

नूरभाईंनी आनंदाने चहा मागवला. कप ठेवताना कानामागची पेन्सिल घरंगळली आणि पन्हाळीमागे पडली. ते वळसा घालून भिंत आणि पन्हाळ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरले, वाकले, पेन्सिल उचलली आणि उभे राहिले. कांड्या मांडताना ते इथेच उभे होते, भिंतीला पाठ लावून. हात आपोआप डाव्या टोकाला गेला, जिथून त्यांनी सुरुवात केली होती.

समोर रूपाली उभी होती. तिचंही बोट तिच्या डाव्या टोकावर होतं. आणि तिचं डावं टोक म्हणजे नूरभाईंचं उजवं.

खोक्याला खिळा असतो, माणूस कुठूनही उभा राहिला तरी सुरुवात हलत नाही. या पन्हाळीला नूरभाईंनी खिळा ठोकला नव्हता. आणि जन्मभर सेटमागे उभा राहिलेला हा सुतार, कोणी हटकायला नसताना, सवयीने सेटमागेच उभा राहून मांडत गेला होता. प्रेक्षकांनी समोरून पाहिलं, आणि सबंध नाटक त्यांना शेवटापासून दिसलं.

थर पालथे नव्हते. पन्हाळ पालथी होती.

रूपाली फोनवर घरी आईला सांगत होती, "अगं, माझा पहिला बोअर!" जेवायला जातो म्हणून नूरभाई घरी गेले.

त्यांच्या बायकोने, जीनतने, शेवभाजी वाढली. शेव रश्श्यात विरघळून गेली तरी त्यांचा हात हलला नाही.

"अजी, किसकी मय्यत से आ रहे हो?" जीनतने विचारलं.

त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं कोणी शंका घेतली नव्हती. आता खोकं उघडताना प्रत्येक जण आधी नूरभाईंच्या तोंडाकडे बघेल. शिवाय त्या पोरीचा आनंद कोणत्या तोंडाने मोडायचा?

"तो चुप बैठोगे? मुंह में दही जमा है क्या?"

"नाम जाएगा, जीनत."

"नाटक में जेल की दीवार गिर रही थी, तब नाम पूछा था किसी ने? पीठ लगाई थी ना? जाओ, लगाओ."

नूरभाई तसेच उठले. या वेळी शेडमध्ये शिरताना ते खाकरले नाहीत, तेवढ्यावरूनच रूपालीने मान वर केली.

"रूपाली, यंत्र थांबव. पन्हाळ मी उलटी मांडली."

"चाचा, मस्करी नको हं आता."

"मस्करी करताना मी हसतो, बेटा. मी भिंतीकडून मांडत गेलो. सुरुवात तुझ्या उजव्या हाताला आहे."

ती एका रिकाम्या खोक्यावर बसली. "म्हणजे थर पालथे नाहीत?"

"थर नाहीत. मी पालथा."

रूपालीचे डोळे भरून आले. मग तिने ते पुसले आणि आवाज घट्ट केला. "नुसत्या तुमच्या सांगण्यावर मी बोअर हलवू? सकाळी तुम्हीच म्हणत होतात, मांडणी चोख आहे. आता म्हणता उलटी. उद्या म्हणाल सुलटीच होती."

टोमणा वर्मी बसला. पण नूरभाई डगमगले नाहीत. "बरोबर. मला विचारू नकोस. हेमराजला विचार."

हेमराजला फोन लागला. पलीकडे यंत्राची घरघर चालली होती.

"हेमराज, त्या फुटलेल्या बोअरमध्ये आधी काय निघालं? पिवळं की काळं?"

"नूरभो, मी मशीन चालाडस का सोनारनं दुकान? बठ्ठं चमकत व्हतं!"

"सगळंच चमकत होतं म्हणे! ठेव," नूरभाई म्हणाले.

रूपाली उठून पन्हाळीपाशी गेली आणि स्वतःशीच बोलू लागली. "धातूंचा क्रम इथे कामाचा नाही. राखेतले कणही नाहीत. ते सगळं त्या जुन्या काळात घडलं. थर पालथा असो की पन्हाळ पालथी, दोन्ही अगदी सारखंच दिसणार. मला आजचं काहीतरी हवं. डोंगर आज जसा उभा आहे, त्याच्या वरच्या बाजूची खूण."

ती भिंग घेऊन भेगा पाहत निघाली. डाव्या टोकाला भेगा स्वच्छ होत्या. मधे कुठे कुठे तांबूस रेघ दिसली. उजव्या टोकाला पोहोचली तेव्हा भेगांत जाड, विटकरी गंज भरलेला होता, बोटाला लागेल इतका. ती तिथेच थांबली.

"चाचा, पाऊस कुठून पडतो?"

"खानदेशात? कुठूनच नाही."

"पडतो तेव्हा हो!"

"वरून."

"पावसाचं पाणी वरून मुरतं आणि धातूच्या दगडाला गंज चढवतं. वर जास्त, खाली कमी. गंज उजवीकडे आहे. म्हणजे आजचा माथा उजवीकडे." तिने बोटाला लागलेला गंज पुसला. "सकाळीच पाहिला होता मी हा गंज. म्हटलं, एखाद्या भेगेतून पाणी खोल उतरलं असेल. पालथ्या थरांची कल्पना इतकी देखणी होती की मी त्या गंजाला बाजूला सारलं."

"म्हणजे आपण दोघं," नूरभाई म्हणाले.

"आपण दोघं. थर सुलटे आहेत. जस्त वर, तांबं खाली. साठा खोल आहे, नाल्याच्या अंगाला."

तिने दीपकसरांना फोन लावला. ती बोलणार तेवढ्यात नूरभाईंनी फोन घेतला आणि खाकरले. शेडमधल्या लोकांनी कामं थांबवली.

"साहेब, नूर महंमद बोलतोय. पन्हाळ मी उलटी मांडली. चूक माझी. ती ओळखायची खूण या पोरीने दगडात शोधली. आता ती सांगेल तिथे बोअर मारा."

पलीकडून दीपकसरांचा आवाज आला. "रूपालीला द्या. रूपाली, खात्री?"

"आहे, सर. नाल्याकडे."

त्याच संध्याकाळी नूरभाईंनी शेडमधल्या सगळ्यांना बोलावून पन्हाळीची दोन्ही टोकं दाखवली आणि आपली चूक हातवारे करून, रंगवून सांगितली. लोक हसले, आणि सर्वांत मोठ्याने नूरभाई हसले. पुढच्या दिवसांत खोकं उघडताना दोघातिघांनी खरोखरच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी त्या प्रत्येकाला भिंग हातात देऊन सांगितलं, "माझ्याकडे काय बघतोस? गंज बघ."

नाल्याकडचा बोअर बरेच दिवस चालला. वरचा दगड कोराच निघाला. रूपालीचं जेवण कमी झालं. नूरभाई मात्र निर्धास्त होते, नव्या खोक्यांना रंधा मारत. "पाऊस वरूनच पडतो," एवढंच ते म्हणत.

आणि मग एका दुपारी हेमराजचा फोन आला. यंत्राच्या घरघरीवर ताण करून तो ओरडत होता.

"नूरभो, लागनं! पिवळं शे, बठ्ठं पिवळं!"

नूरभाईंचा रंधा थांबला. "आणि त्याच्या वर काय होतं?"

"काळं! काळं वर, पिवळं खाले. या डावले मी सोता देखं!"

शेडच्या दुसऱ्या टोकाला रूपाली जागेवरच उभी राहिली होती. नूरभाई चपला करकरत तिच्यापर्यंत गेले आणि फोन तिच्या हातात दिला.

"घे. तुझा बोअर आहे, तूच ऐक."