उजवीकडचं गटार

माझी भाची गोलकीपर आहे. देशाच्या संघात आहे, पण ती राहते त्या देशाच्या. जन्मली त्या नव्हे. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

लहानपणी तिला सगळे घोरपड म्हणायचे. चेंडू एकदा हाती लागला की सोडायचीच नाही. आमची गल्ली अरुंद, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला उघडं गटार, आणि गोल म्हणून दोन विटा. गटाराकडे उडी मारली की कपडे बरबटायचे, आणि ताई, म्हणजे तिची आई, पाठीत धपाटे घालायची. शेवटी पोरगी उजवीकडे झेपावायचंच विसरली.

पुढे ती माझ्याकडे या देशात आली. मी हॉटेलच्या लाँड्रीत, तीही तिथंच चादरींच्या घड्या घालायला लागली. संध्याकाळी क्लबात खेळायची. डावीकडे वाघीण, उजवीकडे मात्र नुसता हात लांब करून उभी. कोच डोकं धरून बसायचा.

"अगं, होतं काय तुला?" घड्या घालता घालता मी एकदा विचारलं.

"मावशी, तिकडे गटार आहे ना," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली.

मला कसलं हसू येतंय, मी भडकले. एवढा समुद्र ओलांडला कार्टीनं, आणि गटार बरोबर घेऊन आली. मी धुवायच्या चादरींचा ढीग तिच्या उजव्या बाजूला ओतला, टॉवेलचा बोळा केला आणि म्हटलं, "घे उडी. मळल्या तर मळल्या, धुवायच्याच आहेत." आमची मुकादमीण आधी ओरडली, मग तीच बोळे फेकायला लागली. तो हिवाळाभर जेवणाच्या सुट्टीत आमचा हाच उद्योग.

निवड झाली. पहिलीच मॅच कुणाशी, तर आमच्याच जुन्या देशाशी. ताईनं फोनवर एवढंच सुनावलं, "माहेर सोडलंस, सोड. पण माहेरच्या वाटेत आडवी उभी राहतेस? यापुढे मला फोन करू नकोस." आणि खरंच फोन उचलणं बंद केलं. ताईचा हट्ट म्हणजे हट्ट. पोरीला घास गिळवेना.

"आई बघेल का गं मॅच?"

"बघेल नाहीतर काय करेल? तोंड फुगवलं म्हणून डोळे मिटत नाहीत कुणाचे," मी म्हटलं. पण माझाही जीव तुटत होता.

मॅच बरोबरीत चालली होती आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला आली आमच्या गल्लीतली शेजारीण, विटांच्या गोलावर हिच्याबरोबर वाढलेली. तिला गटार ठाऊक होतं. प्रेक्षकांत बसल्या बसल्या मी कपाळाला हात लावला.

तिनं हिच्या उजवीकडेच मारला, जमिनीलगत. आणि माझी घोरपड गेली. अख्खीच्या अख्खी गेली, पावसानं झालेल्या चिखलात लोळली, चेंडू पोटाशी धरूनच उठली. मी ढसाढसा रडले, लाजबीज काही वाटली नाही.

शिट्टी झाल्यावर शेजारणीनं तिला मिठी मारली. "बुजवलंस होय गं गटार?" म्हणाली. दोघी हसल्या. मग मी खाली उतरून तिला गाठलं, आम्ही दोघी सामान ठेवायच्या खोलीत गेलो, तर पोरीचा फोन वाजत होता. ताई. पोरीनं झडप घालून उचलला, स्पीकरवर टाकला.

ताईनं विचारलं, "कपडे मळले का गं?"

"हो आई. सगळे."

"मळू देत," ताई म्हणाली. "मावशी आहे ना धुवायला."