शेजारच्या साहेबांचा शेवटचा मसुदा

जगात जे काही घडतं ते पुन्हा एकदा, जरा बरं, करून घ्यायला हवं असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे इथले, कॅनडातल्या मिसिसागातले, आमचे शेजारी. जन्माने इंग्रज, वय सत्त्याहत्तर, अंगाने काटकुळे आणि पायाला भिंगरी. तरुणपणी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली माणसं नुसतीच विचार करतात म्हणून पटकथा लिहिल्या, त्या दुसऱ्यांनी बिघडवल्या म्हणून स्वतःच दिग्दर्शक झाले, आणि निर्माते दार उघडेनात तेव्हा कॅनडात शिकवायला आले. आता निवृत्त आहेत, पण दिग्दर्शन सुटलेलं नाही. मी फावडं घेऊन दारातला बर्फ शोव्हल करू लागलो की खिडकीतून ओरडतात, "फार आनंदी दिसतोस. पुन्हा!" आमच्या भीमजयंतीला पाहुणे म्हणून बोलावलं, तर भाषणाला उठलेल्या अध्यक्षांनाच त्यांनी थांबवलं आणि दारातून पुन्हा यायला लावलं. अध्यक्ष आले, आणि टाळ्याही जास्त पडल्या.

मागच्या मार्चमध्ये त्यांची मुलगी लंडनहून यायची ठरली. चित्रीकरणांपायी साहेबांनी तिचं बालपण पाहिलंच नव्हतं, आणि गेली वीस वर्षं तर बोलणंच बंद होतं. विमानतळावर तिला काय म्हणायचं, ते साहेब लिहू लागले. रोज नवा मसुदा, रोज आमच्या बेसमेंटमध्ये तालीम. मुलीच्या भूमिकेत, मिशांसकट, मी. "जरा रागावून ये," ते म्हणत. मी रागावलो की म्हणत, "इतकं नको. मला सोसणार नाही." आणि येरझारा सुरू.

बायको वैतागली. "अहो, त्यांना म्हणावं, नुसतं सॉरी म्हणा ना! किती रिराइट करायचं?"

मी ते त्यांना सांगितलं. "तोच पहिला मसुदा होता," साहेब म्हणाले. "त्यात लपायला जागा नव्हती."

विमानतळावर मीच घेऊन गेलो. मुलगी आली ती पन्नाशीची, केस पिकलेली. साहेबांनी सगळे कागद तिच्याच हातात दिले. ती बॅगेवर बसली आणि गर्दीत एकेक पान वाचत राहिली.

"डॅड, यात मी कुठेच काही बोलत नाही."

"तू कशी बोलतेस, हेच मला ठाऊक नव्हतं," साहेब म्हणाले.

ती कागद बाजूला ठेवून बोलू लागली. साहेब ऐकत उभे राहिले. गाडी आणतो असं सांगून मी निघालो, आणि मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो.