अमेरिकेतला हिस्सा

त्या वर्षी माझी झोप एका शब्दानं उडवली होती. व्हिसा! हे अमेरिकेत कापसाचं शास्त्र शिकायला गेलेले. फी स्कॉलरशिपमधून जायची, पण पोटापाण्याचं ज्याचं त्यानं बघायचं. इथून डॉलर पाठवावेत तर सरकार आडवं. आणि विद्यार्थ्याच्या व्हिसावर नियम असा, की काम करायचं ते कॉलेजच्या आवारातच, तेही थोडे तास. उन्हाळी सुट्टीत बाहेर काम करायचं तर तिथल्या सरकारची परवानगी हवी. ती नाही मिळाली, तर शिक्षण अर्धवट टाकून वाशीमला परत!

मी मॅट्रिक झालेली. म्हणजे काळजी करायची ती शुद्ध भाषेत, एवढाच फरक. पण घरातला माणूस परदेशी असला की किस्से मात्र कापसासारखे साचतात. एक खोली भरली की दुसरी उघडावी लागते.

*

ह्यांचं पत्र आलं की मी ते ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवायची. त्या दिवशी माझे चुलत सासरे आबाजी आलेले होते. शेलूबाजारला राहायचे, कानानं जरा जड. मी वाचलं, "माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे..."

आबाजी ताडकन उठले. "हिसा? वावर अजून एकत्र हाये, आन पोट्टा अमेरिकेतून हिसा मांगून राह्यला?"

मी समजावेपर्यंत ते निघूनही गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं गावातली दोन वडीलधारी माणसं घेऊन हजर! शेताची वाटणी काही झाली नाही, पण पाहुण्यांना पुरणपोळी करावी लागली. जाताना त्यातले एक मला म्हणाले, "सूनबाई, अमेरिकेतला हिसा निघाला त आमाले सांगजा बरं!"

*

कॉलेजच्या खानावळीत हे ताटं धुतात, हे कळलं तेव्हा सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "घरी कधी पान्याचा गडू उचलला नाही माह्या लेकानं!" थोड्या वेळानं पदर खाली आला. "इचार त्याले, राखेनं घासते का मातीनं?"

मी विचारलं. उत्तर आलं, "यंत्र आहे. मी फक्त ताटं आत लावतो."

सासूबाईंनी पत्र माझ्या हातून घेऊन उलटसुलट पाहिलं. "यंत्र घासते, त याले पैसे कायचे देतात?"

*

उन्हाळ्यात फळांच्या बागेत काम करायच्या परवानगीचा अर्ज गेला आणि सासूबाईंनी मंगरूळपीरच्या दर्ग्याला नवस बोलला. मीही गेले सोबत. माझा नवसावर विश्वास नाही, पण न जाण्याइतका अविश्वासही नाही.

तिथल्या मुजावरांनी विचारलं, "काय मांगता माय?"

"माह्या पोराले उन्हाळ्यात काम भेटू दे."

मुजावर हसले. "उन्हाळ्यात इथं लोक सावली मांगतात माय. काम मांगनारी तूच पह्यली!"

*

अर्जाचं उत्तर काही येईना. आबाजींनी मग ओसरीवर फर्मानच काढलं. "घरचं वावर सोडून लोकाच्या बागेत फळं तोडायची, आन त्यालेबी परवानगी! बोलाव त्याले वापस."

माझे सासरे गप्प. ते गप्प बसले म्हणजे अर्धं मान्य केलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मी स्वयंपाकघरात वरण ढवळत होते. कशी बाहेर आले, आठवत नाही.

"मामंजी, त्यांना बोलावू नका. पदवी घेतल्याशिवाय इथं यायचं नाही. मी लिहिते तसं."

वाटलं, संपलं. पण सासरे म्हणाले, "सून म्हनते तसंच लिहू द्या."

आत आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "फारच बोलले का हो मी?"

"बोलली त बोलली. पन पळी खाली ठेवून जायचं होतं. आबाजी दोन पावलं मांगं सरकले ना!"

*

आणि मग एकदाची परवानगी आली. उन्हाळाभर फळांच्या बागेत काम, पुढच्या वर्षीची सोय झाली. सासऱ्यांनी पेढे आणले. आबाजींनी दोन खाल्ले, वर "मी म्हनतच होतो" म्हणाले.

पाच वर्षांची आमची बेबी पेढा चाटत माझ्याजवळ आली. "आई, काय झालं?"

"बाबांना परवानगी मिळाली गं."

"कायची?"

"काम करायची. आता ते पूर्ण शिकूनच येतील."

"कोनं देली?"

"तिथल्या सरकारनं."

बेबीनं उरलेला पेढा तोंडात टाकला, हात फ्रॉकला पुसले.

"आन घरी यायची परवानगी तू काहून देत नाही?"