पिवळे ठिपके

लेकीची जुनी कॉट सुटी करायला बसलो, तर बोल्टांवर पिवळे ठिपके दिसले. बाबांचे.

ते इथे परदेशात, केलीव्हिलला आमच्याकडे आले होते तेव्हा शेजारचा ग्लेन त्याची जुनी, दमदार इंजिनाची मसल कार घासत होता. केरोसिनचा वास सुटला होता. ग्रीसखालून एका बोल्टवरचा पिवळा ठिपका वर आला. जन्मभर पिंपरीत असेंब्ली लाइनवर काम केलेल्या बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा बोल्ट कुणीतरी आवळून तपासलाय," ते मला म्हणाले. "तो माणूस आता असेल-नसेल, खूण आहे."

गाडीवरचे ठिपके पुन्हा रंगवायला ग्लेनने पिवळा रंग आणला होता; उरलेला त्याने बाबांना दिला. घरी येऊन बाबा कॉटखाली शिरले. त्याच आठवड्यात ते वारले.

शेवटच्या बोल्टवर ठिपका नव्हता. कॉट मोडायचीच होती, तरी तो मी आधी घट्ट आवळला.