निवत्या भट्टीचं दार

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही परके, म्हणून जीभ उचलतेय की काय कोण जाणे. जरा गोल गोल फिरेन, सांभाळून घ्या.

आम्ही दोघी बहिणी, म्हसा गावाजवळच्या कुंभाराच्या पोरी. आक्का थोरली. ती बाबांच्या चाकापाशी बसून शिकली. मी शेंडेफळ, मातीत हात घालायचा म्हटलं की नाक मुरडणारी. पुढे शहरात काचकाम शिकले आणि आसनगावजवळ शेड टाकून भट्ट्या उभ्या केल्या. तिथे मला फार जुन्या रीतीची भांडी करायची होती. फुंकून काच फुगवायची युक्ती सापडण्याआधी लोक काय करायचे, ठाऊक आहे? सळईच्या टोकाला मातीचा गाभा घडवायचा, तो भाजायचा, त्यावर वितळलेली काच धाग्यासारखी गुंडाळायची, मग सावकाश निववायचं आणि शेवटी आतली माती कोरून काढायची. उरतं ते काचेचं भांडं. पण गाभा कोण घडवणार? मी? आक्काच की!

गाभ्याची माती म्हणजे नाजूक प्रकरण. काच निवताना आवळते, तेव्हा आतल्या मातीनं थोडं दबून तिला जागा द्यावी लागते. माती कडक राहिली तर काच तडकलीच. म्हणून आक्का तिच्यात घोड्याची लीद आणि भाताचं तूस मळायची. भाजताना ते जळून जातं आणि माती भुसभुशीत होते. लीद किती घालायची ते तिला कधी विचारावं लागलं नाही. मळता मळता ती थांबायची आणि म्हणायची, "झाली." बाबाही तसेच थांबायचे.

बाबा गेले त्या वर्षी तिनं मनात घेतलं — बाबांचा चंबू काचेत करायचा. म्हशाच्या जत्रेत तो हातोहात खपायचा. बारीक मान, खाली टपोरं पोट. घरात नमुन्यालाही एक उरला नव्हता. आकार राहिला होता तो आक्काच्या बोटांत. गाभा घडवून तिनं माझ्यापुढे धरला. "बघ गो, बाबांचाच हाय ना?" मला भरून आलं. खरंच त्यांचाच होता.

त्यावर मी निळी काच चढवली, पांढऱ्या रेघा ओढल्या. इतकं सुंदर काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मग चंबू निवायच्या भट्टीत ठेवला. आता भट्टी आपोआप गार होईपर्यंत दार उघडायचं नाही; गार वारा लागला की तापलेली काच तडकते. हा नियम माझाच. कुणी नुसतं दाराला टेकलं तरी मी अंगावर धावून जायचे.

आक्का चहा टाकायला आत गेली. आणि मी — सांगते, थांबा. मी दार उघडलं. का? काही कारण नाही हो. बघायचा होता मला तो चंबू. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वीतभर दार, आणि बाहेर पौषातला वारा. आत टिक असा आवाज झाला, रिकाम्या डब्यात वाटाणा पडावा एवढाच. मी दार लावलं. आक्कानं चहा आणला, तो मी प्याले. विटांचा आवाज असेल, असं स्वतःला समजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी भट्टी गार झाल्यावर दार आक्कानं उघडलं. मानेपासून पोटापर्यंत तडा. काचेकडे तिनं क्षणभरच पाहिलं. मग आतल्या मातीत नख खुपसलं, चिमूट काढून बोटांत चुरडली, पुन्हा चुरडली. शोधायला बसलं की दोष कशात सापडत नाही?

"कडक राह्यली गो," ती म्हणाली. "लीद कमी पडली असंल ना?"

आणि मी म्हणाले, "असेल."

एवढंच. एका शब्दात मी मोकळी झाले. मला रडू फुटलं, तर तिला वाटलं, मी चंबूसाठीच रडतेय. पदरानं माझे डोळे पुसत म्हणाली, "नको रडू गो. तुझं काम बेस झालतं. खोट माझ्या हातात हाय." मी कशासाठी रडत होते? पकडली जाईन म्हणून, दुसरं काय.

वाटलं, चार दिवसांत विसरेल, नवा गाभा घेऊन बसेल. ती बसली नाही. बाबा होते तोवर हाताला वळण होतं, आता गेलं, असं तिनं ठरवूनच टाकलं. घरचं चाक भावकीत देऊन टाकलं. मी रोज म्हणायचे, उद्या सांगू. रोज ते जास्त अवघड होत गेलं. आणि आता याहून वाईट सांगते — एकदा शेडमध्ये आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, की हिनं माती का सोडली? तेव्हा मी हसत म्हणाले, "हात बिघडला हो तिचा." आक्का तिथेच उभी होती. तिनं मान हलवली.

अजून येते ती माझ्याकडे. गाभे दुसरी बाई करते. आक्का भांडी पेंढ्यात बांधते. मातीच्या घमेल्याला वळसा घालून जाते. मला दिसतं ते.

परवा गावातल्या शाळेची मुलं शेड बघायला आली होती. त्यांना दाखवायला एक चाक मांडून ठेवलं होतं. एका चिमुरडीनं आक्काचा पदर ओढला.

"आजी, तुमाला येतं काय मडकं करायला?"

आक्कानं हात पदराखाली घेतले आणि हसली. "नाय गो बाय. मला नाय येत."

मी तिच्या शेजारीच उभी होते. टाळी वाजवून मी मुलांना म्हणाले, "चला, आता काच बघू या."